पंपाची धार आणि पातेल्यातला भोवरा

१० लिटरची बादली भरायला २ मिनिटं २० सेकंद. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे मिनिटाला जेमतेम सव्वाचार लिटर. पंपाच्या पाटीवर मात्र १९ लिटर छापलेले.

आमची ब्रुअर पोरगी, म्हणजे बिअर बनवणारी, म्हणाली, "काका, मोठा पंप मागवू या का?"

मी म्हटलं, "थांब गं. आधी या पंपाचा गळा कुठे आवळला गेलाय ते बघू."

ते बघायला तीन सोमवार गेले. पंप तोच, मोटर तीच, आणि आज तीच बादली ६२ सेकंदांत भरते. पातेल्यातला भोवराही आता बसतो, गाळ मधोमध राहतो आणि वर्ट, म्हणजे यीस्ट पडण्याआधीचा माल्टचा गोड काढा, स्वच्छ निघतो. काय काय केलं ते लिहून ठेवतो. बिअरचा छोटा किट चालवणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते आणि तिच्यावर पैसे मात्र भलत्याच जागी खर्च होतात.

मी लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका परवानाधारक ब्रूपबमध्ये मेंटेनन्स बघतो. आयटीआयचा फिटर आहे. त्याआधी एकवीस वर्षं रसायनांच्या कारखान्यात पंप उघडण्या-बसवण्यातच गेली. आमच्या मोठ्या टाक्यांची गोष्ट वेगळी, पण नवी रेसिपी आधी ५० लिटरच्या ट्रायल किटवर होते. हा किट म्हणजे परदेशात लोक घरी बिअर बनवायला वापरतात तोच: स्टीलचं पातेलं, गॅसची शेगडी, चुंबकी पंप आणि सिलिकॉनची नळी. आपल्याकडे परवान्याशिवाय बिअर बनवायला १९४९च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, घरीसुद्धा. तेव्हा परवान्याखाली काम करणारे, हे काम शिकणारे, किंवा जिथे घरी बनवायची मुभा आहे अशा देशात राहणारे आपले मराठी लोक हे वाचताहेत असं धरून लिहितो.

आधी मोजा, मग पाना हातात घ्या

पातेल्यात ४० लिटर साधं पाणी भरा. परतीची नळी रोज जिथे सोडता त्याच उंचीवर धरा आणि बादली तिच्याखाली ठेवा. नळी जमिनीवर टाकून मोजलंत तर आकडा फसवा येईल, कारण पंपाला चढवायचं कामच उरत नाही. पाटीवरचे १९ लिटर हे शून्य उंचीचे, पुढे काहीही जोडलेलं नसतानाचे असतात. जितकं वर चढवाल तितकी धार घटते, आणि पाटीवर कमाल उंची म्हणून जो आकडा असतो तिथे ती पार बंद होते. म्हणून १९ची आशा मी धरलीच नव्हती. ४० लिटरला मिनिटाला नऊ-दहा लिटर भरपूर झाले. चार मिनिटांत सगळा वर्ट एकदा फिरून येतो.

गार पाण्याचा आकडा लिहून ठेवा. मग तेच पाणी उकळवून, गॅस बंद करून पुन्हा मोजा. आमच्याकडे गार पाण्याला २ मिनिटं २० सेकंद लागत होते. गरम पाण्याला किती लागतात ते मोजताच आलं नाही, कारण धार मध्येच तुटत होती. खरा दोष काय आहे ते त्या गरम मोजणीत कळलं.

पंप ढकलतो, ओढत नाही

चुंबकी पंपात मोटरचा दांडा आणि आतला पंखा एकमेकांना लागलेले नसतात. मध्ये प्लास्टिकची भिंत असते आणि दोन्ही बाजूंना चुंबक. दांड्याला सीलच नाही, त्यामुळे गळती नाही आणि ग्रीसचा संबंध नाही. खाण्यापिण्याच्या कामाला असा पंप फार चांगला. पण त्याच्या पोटात हवा असली तर ती बाहेर काढायची ताकद त्याच्यात नाही. नळाला लावलेला पंप कोरडा पडला की नुसता घुर्र घुर्र करत राहतो, तसंच याचं होतं.

माझे जुने फोरमन म्हणायचे, "पंप ढकलतो रे, ओढत नाही. त्याच्या तोंडाशी पाणी तू आणून द्यायचं." हे वाक्य डोक्यात ठेवून किटकडे बघा. पंपाच्या पुढे, म्हणजे डिलिव्हरीला, अडथळा असला तर धार फक्त कमी होते. पंपाच्या मागे, म्हणजे सक्शनला, अडथळा असला तर पंप उपाशी राहतो. गरम वर्टच्या बाबतीत हा उपास फार महागात पडतो, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

मुंबई समुद्रसपाटीला, इथे पाणी १०० अंशांना उकळतं. उकळणारं पाणी म्हणजे वाफ व्हायच्या काठावर उभं असलेलं पाणी. दाब जरासा घटला तरी त्याची वाफ होते. सक्शनच्या नळीत अरुंद जागा आली की तिथे दाब घटतो आणि नेमकी तिथेच वाफ फुटते. ते बुडबुडे पंख्यात शिरले की पंप हवा धरतो. ८० अंशांच्या वर्टला साधारण साडेपाच मीटर पाण्याइतका दाब हाताशी असतो, ९० अंशांना सव्वातीन मीटर, ९५ अंशांना पावणेदोन मीटर, आणि ऐन उकळीला शून्य. तेव्हा पंपाच्या डोक्यावर वर्टची जी उंची उभी असेल तेवढाच आधार. म्हणूनच गार पाण्याला नीट चालणारा किट ऐन वेळी दगा देतो आणि लोक पंपाला शिव्या घालतात.

आमच्या सक्शनला काय होतं ते सांगतो. पातेल्याला अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह, त्याला एल्बो, त्याला रिड्यूसर, मग तीन सुती नोझल (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दीड मीटर नळी, पुन्हा तीन सुती नोझल आणि मग पंप. किट पुरवणाऱ्याने असंच जोडून दिलं होतं. सगळं सोडवून टेबलावर मांडलं आणि एकेकाचं भोक व्हर्निअरने मोजलं. व्हॉल्व्ह साडेनऊ मिलिमीटर, नोझल सात. बाहेरून अर्धा इंच दिसणाऱ्या रस्त्याचा आतला घास सात मिलिमीटरचा! पोरगीला ते नोझल डोळ्याला लावून खिडकीकडे बघायला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "काका, यातून हॉप्सचं एक पान गेलं तरी पुरे." हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं.

हिशेब असा आहे: नळीचा व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, आणि तेवढीच धार टिकवायला लागणारा दाब जवळपास ३२ पट होतो. म्हणून एक-दोन मिलिमीटरचा फरक इथे क्षुल्लक नसतो. मोठा पंप आणलात तर तो याच सात मिलिमीटरमधून ओढायला बघेल आणि वाफ आणखी लवकर फुटेल.

मी काय बदललं? व्हॉल्व्ह फुल बोअर घेतला, आत सरळ १५ मिलिमीटरचं भोक. एल्बो आणि रिड्यूसर काढून टाकले. नोझल चार सुती घेतली, तीही पातळ भिंतीची, भोक साडेदहा. नळी दीड मीटरची होती ती कापून ४५ सेंटिमीटर केली. सक्शनची नळी जितकी आखूड, जाड आणि सरळ तितकी चांगली. लांबी हवी असेल तर डिलिव्हरीला वाढवा. सिलिकॉनची नळी गरम झाली की मऊ पडते आणि वळणावर चपटी होते, म्हणून सक्शनला आत जाळी विणलेली नळी लावा. चपटी झालेली नळी वरून पटकन लक्षात येत नाही. वळणावर दोन बोटांनी चाचपून बघायची, गरम असते तेव्हा हातमोजा घालून.

सामान मी नागदेवी स्ट्रीटवरून आणलं. तिथे नुसतं "अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह द्या" म्हणाल तर दुकानदार साधा काढून देईल आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. अर्धा इंच हे आट्यांचं माप आहे, आतल्या भोकाचं नाही. "फुल बोअर, ३०४ स्टील" असं सांगा. हातात घेतल्यावर मूठ उघडी करून उजेडाकडे धरा: भोकाच्या आत गोळ्याची कडा दिसायला नको, नळीसारखं आरपार दिसलं पाहिजे. नोझलचंही तसंच, बाहेरची जाडी बघून घेऊ नका, आत बघा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे पुरे. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचा तुकडा आत लोंबतो आणि पंख्यात जाऊन बसतो. नळीवर जुबली क्लिप हवीच. सक्शनचा जोड ढिला असला तर पंप बंद असताना तिथून थेंब गळतो आणि चालू असताना तिथूनच हवा आत जाते. परतीच्या धारेत बारीक बुडबुड्यांची माळ सतत दिसत असेल तर आधी हे जोड तपासा.

एवढ्यानेच बादली ८१ सेकंदांवर आली.

पंपाची जागा

पंप आधी पातेल्याच्या शेजारी स्टुलावर होता, कारण तिथे हाताशी सोयीचा वाटायचा. पातेल्याचा नळ जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, पंप ६०वर. म्हणजे उकळीच्या वेळी नळाखाली फक्त १५ सेंटिमीटरचा आधार. मी पंप शेगडीच्या स्टँडलाच खाली २० सेंटिमीटरवर बोल्ट केला. एकदम ४० सेंटिमीटर जास्त मिळाले, फुकट. तुम्हाला या सगळ्यातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

दुसरी गोष्ट पंपाच्या तोंडाची. पुढच्या तोंडाला चार स्क्रू असतात. ते काढून तोंड नव्वद-नव्वद अंशांत फिरवता येतं. डिलिव्हरीचं तोंड वर बघेल असं बसवा. हवा वर जाते, तिला वर वाट मिळाली की ती आपणहून निघून जाते. आमचं तोंड आडवं होतं, त्यामुळे वरच्या भागात हवेचा एक कप्पा कायम अडकलेला असायचा. स्क्रू काढताना आतली ओ-रिंग खाचेतून निसटते, परत बसवताना ती चिमटली नाही ना ते बघा. आणि मोटर कधीही पंपाच्या तोंडाखाली येऊ देऊ नका, गळालं तर सरळ वायंडिंगवर.

तिसरी गोष्ट, धार कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह फक्त डिलिव्हरीला. सक्शनचा व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. आमच्याकडे नवीन पोरं सवयीने पातेल्याचाच नळ अर्धा करायची. तो हाताशी असतो ना. मी त्या मुठीवर लाल टेप गुंडाळली आणि पंपाच्या वर डिलिव्हरीला दुसरा व्हॉल्व्ह दिला. डिलिव्हरी अर्धी बंद केल्याने चुंबकी पंपाला काही होत नाही. पूर्ण बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालवू मात्र नका, आतलं पाणी घुसळून तापतं.

डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हच्या आधी एक टी टाकून त्याला पाव इंची छोटा कॉक लावला. हवा धरली की हा कॉक दोन सेकंद उघडायचा. फस्स करून हवा जाते, मागून वर्ट आला की बंद. पूर्वी याच कामासाठी नळ्या काढून हलवाव्या लागायच्या आणि एकदा उकळता वर्ट माझ्या मनगटावर आला होता. डाग अजून आहे. म्हणून हा कॉक मी कुणालाही वगळू देत नाही.

विजेचं थोडक्यात: पंपाचा प्लग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, आणि वायर पंपापासून आधी खाली लोंबवून मग प्लगकडे न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीही ओल धरतात, तिथे यात हयगय नको.

पंप चालू करायचा क्रम असा. गॅस बंद. दोन मिनिटं थांबा, उकळीचे बुडबुडे शांत होऊ द्या. पातेल्याचा नळ पूर्ण उघडा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्हही उघडा, आणि पंप बंद ठेवूनच वर्ट आपल्या वजनाने पंपात उतरू द्या. छोट्या कॉकमधून वर्ट आला की कॉक बंद. आता डिलिव्हरी अर्धी करा, पंप चालू करा, धार लागली की हळूहळू पूर्ण उघडा. मोटरचा आवाज येतोय पण धार नाही, असं झालं तर ताबडतोब बंद करा. कोरड्या पंपात आतली बेअरिंग आणि दांडा घासून तापतात, आणि पंखा अडकला असेल तर चुंबक नुसते घसरत राहतात. कान देऊन ऐकायची सवय लावा. भरलेला पंप गुणगुणतो आणि हवा धरलेला पंप खडखडतो.

जागा बदलून, तोंड वर करून बादली ६२ सेकंदांवर आली.

भोवरा: काम बुडाशी होतं

आता भोवऱ्याकडे. घरी पातेल्यात कोऱ्या चहाला चमच्याने गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. चोथा कडेला जायला हवा, पण तो येतो मधोमध. १९२६ साली आइन्स्टाइनने नद्यांच्या वळणांवर लिहिलेल्या लेखात चहाच्या पानांचं हेच कोडं उलगडून सांगितलं. आणि १९६०मध्ये कॅनडातल्या मोल्सन ब्रुअरीत हीच गोष्ट वर्टमधला गाळ काढायला वापरली गेली. तिथून व्हर्लपूल टाकी जगभर गेली.

होतं असं की गोल फिरणारं पाणी भिंतीकडे जोर करतं, त्यामुळे भिंतीशी दाब जास्त आणि मध्याशी कमी. वरच्या पाण्याचा फिरण्याचा वेग या दाबाला तोलून धरतो. पण बुडाला घासत जाणारा पातळ थर घर्षणाने मंदावलेला असतो. त्याच्यात बाहेर फेकलं जाण्याचा जोर उरत नाही, दाब मात्र तितकाच असतो. म्हणून तो थर मध्याकडे सरकतो आणि जाताना गाळ गोळा करून नेतो. मध्यात पाणी वर उचललं जातं, जड गाळ तिथेच बसतो.

हे लक्षात आलं की पुढचे निर्णय सोपे होतात. काम बुडाच्या थरात होतं, म्हणून बुडाशी काहीही आडवं येता कामा नये. आमच्या पातेल्यात बुडावर जाळीची लांब नळी आडवी होती, थेट मध्यापर्यंत. गाळ जिथे जमायचा तिथेच नेमकं चोखायचं तोंड! मी ती काढली. तिच्या जागी भिंतीला लागून एक आखूड वाकडी नळी दिली, तोंड बुडापासून दीड सेंटिमीटर वर आणि प्रवाह ज्या दिशेने जातो तिकडे वळवलेलं, प्रवाहाच्या तोंडावर नाही. हॉप्सच्या गोळ्या मोकळ्या टाकायच्या असतील तर अशीच रचना हवी. पहिल्या काही वेळा भीती वाटत असेल तर हॉप्स बारीक जाळीच्या पिशवीत टाका, पंप नक्की तुंबणार नाही. मात्र पिशवीत हॉप्स दाटीने बसतात आणि वास पूर्ण उतरत नाही, निदान आमच्या जिभेला तसं वाटलं.

परतीची धार भिंतीला समांतर हवी. पूर्वी नळी काठावरून आत सोडलेली असायची, धार मध्याकडे पडायची, फेस यायचा आणि भोवरा होतच नसे. मी पातेल्याला भोक पाडून ११ सेंटिमीटर उंचीवर जोड दिला. ४० लिटरला आमच्या पातेल्यात वर्ट ३२ सेंटिमीटर उभा राहतो, म्हणजे बुडापासून साधारण एक तृतीयांश. आत नव्वद अंशांत वळवलेली नळी, भिंतीपासून दोन सेंटिमीटर सुटी, तोंड अगदी आडवं. तोंड वर्टच्या पातळीखाली असल्याने फेस नाही, हवा मिसळत नाही, आणि पंपाला काठावरून चढाईही करावी लागत नाही. हा आणखी एक फायदा.

या नळीचं भोक १० मिलिमीटर ठेवलं. मिनिटाला पावणेदहा लिटरला धारेचा वेग सेकंदाला साधारण २ मीटर येतो. वेग वाढवायला मी एकदा सहा मिलिमीटरचं तोंड लावून बघितलं. धार जोरदार दिसली, पण पाणी कमी झालं, आणि गाळाचे जे छान गोळे बनलेले असतात ते फुटून बारीक झाले. त्या दिवशी वर्ट गढूळच गेला. गाळ गोळ्यांच्या रूपात राहिला तर बसतो, पीठ झाला तर तरंगतो. उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, टाकलं की प्रोटीनचे गोळे मोठे होतात. ते जरूर टाका.

पातेलं उंच आणि अरुंद असेल तर भोवरा नीट बसत नाही. वर्टची उंची पातेल्याच्या रुंदीपेक्षा कमी असू द्या. आमचं पातेलं ४० सेंटिमीटर रुंद, वर्ट ३२ सेंटिमीटर, ठीक जमतं. फिरण्याचा वेग मोजायला फेसाचा एखादा ठिपका नजरेने धरा आणि भिंतीशी त्याच्या फेऱ्या मोजा. आमच्याकडे मिनिटाला नऊ-दहा फेऱ्या झाल्या की पुरे. कोणत्या दिशेने फिरवायचं ते एवढ्याशा पातेल्यात कसंही चालतं.

मुंबईचं पाणी आणि थंड करणं

परदेशी लोक उकळीनंतर तांब्याची गुंडाळी पातेल्यात सोडतात, नळाचं पाणी फिरवतात आणि काही वेळात वर्ट २० अंशांवर आणतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ३२-३३ अंशांचं. त्या पाण्याने वर्ट ३५च्या खाली येत नाही, कितीही वेळ सोडा. म्हणून दोन टप्पे करावे लागतात.

गॅस बंद करून दोन मिनिटांनी पंप चालू, गुंडाळी आत, नळाचं पाणी चालू. वर्ट ८० अंशांवर आला की पाणी बंद करा आणि वासाचे हॉप्स टाका. या तापमानाखाली कडूपणा फार हळू उतरतो, वास मात्र राहतो. २० मिनिटं पंप चालू ठेवून हॉप्स फिरू द्या. झाकण पूर्ण लावू नका, फिकट माल्ट असेल तर शिजलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर निघून जायला वाट हवी. मग पुन्हा नळाचं पाणी, ३५ पर्यंत. पुढे गुंडाळीच्या नळ्या काढून बर्फाच्या टबाला जोडायच्या आणि टबात कूलरचा छोटा पंप सोडायचा, तो बर्फाचं पाणी गुंडाळीत फिरवत राहतो. बर्फाचं पाणी वर्टला कुठेच लागत नाही. ४० लिटर ३५वरून २०वर आणायला हिशेबाने साडेसहा किलो बर्फ लागतो, प्रत्यक्षात टब आणि हवाही तो खातात, मी १० किलो मागवतो. बर्फाचे तुकडे बोटभर करून घ्या, अख्खी लादी टबात टाकली तर पाणी तिच्याभोवती नुसतं फिरत राहतं.

गुंडाळीच्या बाहेरून वर्ट वाहता असेल तरच ती पटापट थंड करते. स्थिर वर्टमध्ये तिच्याभोवती गार थर तयार होतो आणि बाकीचा वर्ट तापलेलाच राहतो. तेव्हा पंपाची सुधारलेली धार इथेही कामी येते. पूर्वी आम्हाला सव्वा तास लागायचा, आता ४० मिनिटं.

पण गुंडाळी आत असेपर्यंत भोवरा नीट होत नाही, ती प्रवाह तोडते. म्हणून वर्ट २० अंशांवर आला की गुंडाळी हळूच सरळ वर उचला, स्वच्छ हातमोजे घालून. मग डिलिव्हरी पूर्ण उघडून पाच मिनिटं पंप चालवा, फेऱ्या मोजा आणि पंप बंद करा. झाकण ठेवा. आता २५ मिनिटं पातेल्याला हात लावायचा नाही. गार वर्ट गरमपेक्षा दाट, गाळ हळू बसतो, म्हणून २५. ढवळायचं नाही, स्टँड हलवायचा नाही, झाकण उघडून टॉर्चने बघायचं नाही. पोरगीला सुरुवातीला हे जमत नसे. दर पाच मिनिटांनी झाकण उचलायची. मी तिला एकदा शेवटपर्यंत थांबवलं, आणि वर्ट उतरल्यावर तळाला मधोमध हिरवट तपकिरी रास दिसली, ताटात भाताची मूद पाडावी तशी, कडेचं स्टील चकचकीत. तेव्हापासून ती स्वतःच इतरांना झाकणाजवळ फिरकू देत नाही.

वर्ट काढताना डिलिव्हरी अर्धीच उघडा. पहिला लिटरभर गढूळ येतो, तो वेगळ्या भांड्यात घ्या. मग आरशासारखा स्वच्छ येतो असं होत नाही, पण काचेत धरलं तर पलीकडची बोटं दिसतात, इतपत हवं. पातळी रासेच्या माथ्यापर्यंत उतरली की व्हॉल्व्ह पावभर करा, नाहीतर रास ढासळून नळीकडे घसरते. शेवटचे दोन-अडीच लिटर सोडून द्या. ते वाचवायच्या हव्यासात सगळी मेहनत गढूळ करू नका.

धुणं

काम झाल्यावर लगेच गरम पाणी, मग सोडिअम परकार्बोनेटचं ६० अंशांचं पाणी २० मिनिटं पंपातून फिरवा, मग साधं पाणी. एवढ्यावर थांबू नका. दर खेपेला चार स्क्रू काढून पंपाचं तोंड उघडा. पंख्याच्या पात्यांत हॉप्सचा चिखल अडकलेला असतोच, आणि ओ-रिंगच्या खाचेत गोड चिकट थर. मऊ ब्रशने साफ करा, पंखा बोटाने फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत बंद करून ठेवलेला ओला पंप दोन दिवसांत आंबूस वास मारतो. मी तो उघडाच, तोंड खाली करून, जाळीच्या रॅकवर वाळत ठेवतो.

किटच्या मागच्या भिंतीवर खडूने बादलीचे सेकंद लिहायची सवय लावलीय. दर सोमवारी एक आकडा. ६२, ६२, ६४, ६३. ७०च्या पुढे गेला की त्या दिवशी ब्रू नाही, आधी सक्शन सोडवायचं.